जुनी गाडी झाकून ठेवू नका, चालवा

जुन्या गाडीला खरा धोका असतो तो बंद राहण्याचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि चाकांमधले सिलिंडर जाम होतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, तळाशी चिकट थर उरतो, जेट तुंबतं. अर्धवट भरलेली टाकी आतून गंजते. रबरी सील वाळून भेगाळतात. मिरजेला माझे वडील, अण्णा, गॅरेज चालवायचे. वर्षानुवर्षं वाड्यात उभी असलेली गाडी कुणी ढकलत आणली की ते मालकाला आधी एवढंच सुनावायचे, "चालवली असतीत तर एवढा खर्च आला नसता." आता मी इंग्लंडला ऑक्सफर्डशायरमध्ये राहते. माझ्याकडे १९७२ सालची उघड्या टपाची एमजीबी आहे. अण्णांचं ते म्हणणं मला इथंही लागू पडताना दिसतं.

म्हणूनच आमच्या जुन्या एमजी गाड्यांच्या क्लबच्या शनिवार-रविवारच्या मेळाव्याकडे मी हौस म्हणून बघत नाही. अशा मेळाव्यामुळेच या गाड्या जिवंत आहेत, आणि महाराष्ट्रानं यातून घेण्यासारखं बरंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात आज एमजी म्हटलं की गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यातून येणारी हेक्टर आठवते. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची. सेसिल किंबर या व्यवस्थापकानं मॉरिसच्या साध्या गाड्यांचे भाग घेऊन दोन माणसांच्या चपळ, छोट्या गाड्या बांधायला सुरुवात केली. काम वाढलं तसा कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. तिथं तो जेमतेम अर्धशतक टिकला. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याला टाळं लागलं. पुढे नावाची मालकी हातोहात फिरत शेवटी चिनी कंपनीकडे गेली. मात्र १९३० साली गाडीमालकांनी स्थापन केलेला एमजी कार क्लब आजही ॲबिंग्डनमध्येच आहे, जुन्या कारखान्याच्या शेजारी, किंबरच्याच नावाच्या घरात. गाडी बनवणारे गेले. चालवणारे एकत्र राहिले म्हणून गाडी राहिली.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली, पाच लाखांहून जास्त. एवढ्या संख्येनं बनलेली गाडी दुर्मिळ नसते, महागही नसते. आमच्या मेळाव्यात शाळेतले शिक्षक आहेत, नर्स आहेत, प्लंबर आहेत, पेन्शनवर जगणारे बरेच आहेत. जुन्या गाड्यांचा नाद म्हणजे गर्भश्रीमंतांचा चाळा, ही समजूत इथं तरी खोटी ठरते.

मेळावा भरतो तो कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत. पिवळसर चुनखडीची घरं, चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले बांध, उतारांवर मेंढ्या. मागच्या खेपेला एका शेतकऱ्यानं मेंढ्या दुसरीकडे हलवून आम्हाला कुरण मोकळं करून दिलं होतं. शनिवारी सकाळी दंव वाळायच्या आत गाड्या येऊ लागल्या. युद्धानंतरच्या वर्षांतल्या लांब नाकाच्या टीसी, गोल अंगाच्या एमजीए, चिमुकल्या मिजेट आणि सगळ्यांत जास्त आमच्या एमजीबी. उतरलेला माणूस शेजारच्या गाडीचा रंग नंतर बघतो, आधी तिचं बॉनेट उघडायला सांगतो. ही सवय मला फार आवडते.

प्रत्येकाच्या हातात रोडबुक असतं. त्यात प्रत्येक वळणासाठी एक बाण, एक ठिपका आणि मागच्या वळणापासूनचं मैलांमधलं अंतर एवढंच. शेजारी बसलेल्यानं ते वाचायचं आणि चालवणाऱ्यानं ऐकायचं. मोबाइलचा नकाशा बंद. बर्फर्डहून नॉर्थलीच, पुढे आडवाटांनी स्नोज्हिल, मग उतरून ब्रॉडवे. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावंच लागतं. गाड्या तीन-तीन, चार-चारच्या गटानं आणि मध्ये बरंच अंतर ठेवून सोडतात, गावात कोंडी होऊ नये म्हणून. घोडेस्वार दिसला की वेग ताशी दहा मैलांच्या आत. शर्यत अजिबात नाही. कुणी तशी लावलीच, तर पुढच्या वेळी त्याला निमंत्रण जात नाही, आणि त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही. आपला छंद दुसऱ्याच्या गावातून जातो, तेव्हा एवढं भान पाहिजेच.

नॉर्थलीच ओलांडल्यावर एका तरुण जोडप्याची गाडी चढावर बंद पडली. एमजीबीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि तो मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, खालच्या बाजूला असतो. किल्ली फिरवली की त्याची टकटक ऐकू येते आणि कार्ब्युरेटर भरले की ती थांबते. इथं टकटकच नव्हती. मागून येणाऱ्या आमच्या तिन्ही गाड्या थांबल्या. सत्तरी ओलांडलेल्या एक शिक्षिका आमच्या गटात होत्या. त्यांनी डिकीतून चाकाचा नट सोडवायचा तांब्याचा हातोडा काढला, रस्त्याकडेला गुडघे टेकले आणि हातोड्याच्या दांड्यानं पंपाच्या अंगावर दोन हलके ठोके दिले. टकटक सुरू झाली. मला कौतुक वाटलं ते पुढचं. मुक्कामी पोहोचल्यावर बाईंनी त्या दोघांना पंप खोलायला लावला. कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडले होते, ते दाखवले. बारीक पॉलिश पेपरनं ते कसे साफ करायचे, पुन्हा जोडताना फट किती ठेवायची आणि त्यांच्यात ठिणगी कशामुळे पडते, हे सगळं समजावलं. पंपाची सगळी जुळणी त्या जोडप्यातल्या मुलीनं स्वतःच्या हातानं केली. बाईंनी तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर एकदाही घेतला नाही.

त्याच संध्याकाळी कुरणावर आणखी एक वर्ग भरला. विशीच्या आत असताना ॲबिंग्डनच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागलेले एक गृहस्थ एका शाळकरी मुलाला टॅपेट सेट करायला शिकवत होते. इंजिनात आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट मोजायची, सातवा दाबला की दुसऱ्याची, सहावा दाबला की तिसऱ्याची. बेरीज कायम नऊ. फिलर गेज पंधरा थाऊचं, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशाचं, किंचित अडकत सरकलं पाहिजे. मला ऐकताना भरून आलं, कारण हाच धडा मी मिरजेच्या गॅरेजमध्ये घेतला होता. अण्णा ओरडायचे, "बेरीज कर, बेरीज!" त्यांच्यासमोर असायची अँबॅसडर.

यात योगायोग काही नाही. अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात कित्येक वर्षं होतं ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बी-सिरीज कुळातलं. १९५५ साली आलेल्या एमजीएमध्येही तेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, आणि माझ्या एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन त्याचाच थोरला भाऊ. म्हणजे एकेकाळी कलेक्टर कचेरीबाहेर उभ्या असणाऱ्या पांढऱ्या अँबॅसडरचं हृदय आणि या टेकड्यांतल्या स्पोर्ट्‌स कारचं हृदय एकाच घराण्यातलं. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात हे इंजिन डोळे मिटून जोडणारे मिस्त्री होते. इथल्या गृहस्थांचं ज्ञान क्लबच्या मासिकांत छापलं गेलं, चित्रफितींत उतरलं, त्या शाळकरी मुलाच्या बोटांत गेलं. अण्णा गेले, आणि त्यांच्यासारख्यांचं ज्ञान उतरवून घेणारी कुठलीच व्यवस्था आपल्याकडे नव्हती. आजही नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

ज्ञान टिकलं की सुटे भाग टिकतात. एमजीबीच्या पत्र्याचे मूळ साचे जपून ठेवले होते, म्हणून १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजनं तिची संपूर्ण बॉडी पुन्हा नव्यानं बनवायला घेतली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! हे शक्य झालं ते गाड्या रस्त्यावर होत्या आणि मालक एका जागी सापडत होते म्हणून. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय रबराचा साधा सील कुणी बनवत नाही. विमा कंपन्याही गाडीची किंमत ठरवताना क्लबचं मूल्यांकन मानतात.

कायदाही इथं साथ देतो. ब्रिटनमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली की रस्ता कर माफ होतो. मे २०१८ पासून, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. ती सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यानं खराब होतात, म्हणून कमी इथेनॉलचं महागडं पेट्रोलही पंपांवर ठेवलं गेलं. आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, एवढं केल्यावर गाडी कधी आणि कुठं न्यायची हे सरकार विचारत नाही. दूध आणायला न्या, नाहीतर टेकड्यांत न्या.

धुराचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्तच आहे. माझ्या गाडीला धूर शुद्ध करणारं यंत्र नाही आणि नव्या गाडीपेक्षा ती मैलामागे नक्कीच जास्त घाण सोडते. रोजच्या प्रवासाला अशी गाडी कुणी वापरू नये, मीही वापरत नाही, त्यासाठी बस आहे. पण वर्षाकाठी थोडेसेच मैल चालणाऱ्या मूठभर गाड्यांवर बंदी घालून शहराची हवा सुधारत नाही. तिथं रोज धावणाऱ्या लाखो गाड्यांचाच हिशेब मांडावा लागतो.

आता आपल्याकडचं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, ही स्वागताचीच गोष्ट. पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, नोंदणी दहा वर्षं चालते. पण या नोंदणीची गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे सरकारनं गाडीला ओळख दिली आणि लगेच तिला आच्छादनाखाली घातलं. शिवाय पंधरा वर्षं ते पन्नास वर्षं यांमधली गाडी कुणाचीच नाही. १९८५ ची पद्मिनी घ्या. ती व्हिंटेज नाही आणि नवीही नाही. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी वाढवायची, आणि त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं होतं. मध्यमवर्गीय वारसदार शेवटी भंगारवाल्याला फोन करतो.

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारखी संस्था आहे, तिच्या रॅलीला लोक गर्दी करतात. पण कॅमेरे वळतात ते संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसकडे. आपली खरी कहाणी कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची आहे, मद्रासेत बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची आहे, गोव्यात तयार झालेल्या उघड्या टपाच्या सॅन स्टॉर्मची आहे. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. त्या गाडीचे भाग बनवणारे, तिची इंजिनं बांधणारे हात मात्र कुणी नोंदवले नाहीत.

मागणं फार मोठं नाही. पन्नास वर्षांची अट चाळीसवर आणा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला हवी तर, पण त्या मर्यादेत गाडी मोकळेपणी चालवू द्या. साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंच आहे, तर जुन्या वाहनांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल जिल्ह्यातल्या निदान एका पंपावर मिळेल अशी सोय करा. सरकारचं काम एवढंच.

बाकीचं आपल्याला करायचं आहे, आणि त्याला परवानगी लागत नाही. सांगलीत दहा पद्मिनी असतील, तर दहा मालकांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत आणि महिन्यातून एका रविवारी औदुंबरपर्यंत जाऊन यावं. बरोबर गावातला एखादा म्हातारा मिस्त्री न्यावा, त्याला पुढच्या सीटवर बसवावं, त्याचा मान ठेवावा, त्याच्या कामाचे पैसे द्यावेत. तो कार्ब्युरेटर खोलेल तेव्हा मोबाइलवर त्याच्या हातांचं चित्रण करावं आणि घरातल्या पोरापोरींना जवळ उभं करावं. हे मिस्त्री आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. वाट बघू नका, याच महिन्यात त्यांना गाठा.