तिची वीत

पहिल्या आठवड्यातली सगळी अंडी शिटेनं माखलेली निघाली. संगमनेरच्या बाहेर, प्रवरेच्या अंगाला घर बांधलं, मागं चार झाडांपुरतं परस उरलं, म्हणून हौसेनं खुराडं करून घेतलं होतं. पाच फूट लांब, चार फूट रुंद, वर पत्रा, बाजूंना जाळी, खाली भाताच्या तुसाची गादी आणि अंड्यांसाठी फळकुटाच्या तीन पेट्या. पाच गावरान, चार गिरिराज आणि एक कोंबडा असं बिऱ्हाड. दाणापाणी, कडीकोयंडा, सगळं जिथल्या तिथं. तरी दिवेलागण झाली की ह्या बायका त्या तीन पेट्यांत एकमेकींच्या अंगावर चढून बसायच्या. दोघीतिघी पेट्यांच्या काठावर तोल सावरत रात्र काढायच्या. एक गावरान तलंग तर खुराड्याकडं ढुंकूनही बघत नव्हती. ती थेट शेवग्यावर.

अकोले तालुक्यातली माझी आत्या दिवाळी उलटल्यावर चार दिवस राहायला आली. तिनं पदर खोचला, खुराड्यात डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "आरं, दांडी कुठं हाय?"

"कसली दांडी?"

"घर दिलंस, बाज न्हाई दिलीस. निजायचं कुठं त्यांनी?"

मला एकदम आजोळची पडवी आठवली. तिथं खुराडं असं नव्हतंच. पिल्लांवर डालगं झाकायचं, मोठ्या कोंबड्या मात्र अंधार पडायच्या आत फडफड करत वलणीवर चढायच्या. खाली वाळत घातलेलं लुगडं असलं की सकाळी आजीच्या तोंडचा पट्टा सुरू. तेव्हा वाटायचं, कोंबड्या खोडीच काढतात. खोडी नव्हती, नीज होती.

कोंबडी मुळात झाडावर झोपणारी. तिच्या पूर्वज रानकोंबड्या आजही रात्री फांदीवर बसतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाळीव कोंबडीची सगळ्यांत जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. संशोधकांचा तर्क असा, की माणसानं भात आणि इतर तृणधान्यं पेरायला सुरुवात केली आणि सांडलेल्या दाण्यांनी रानकोंबडी झाडावरून खाली आणली. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचाही ह्या गोतावळ्यात वाटा आहे. परसातल्या कोंबडीचे हळदीसारखे पिवळे पाय त्याच्याकडून आले, हे २००८ मधल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं. दाण्यासाठी ती जमिनीवर आली खरी, पण ते दिवसापुरतं. रात्र तिनं अजून माणसाच्या हवाली केलेली नाही.

आणि का करावी? अंधारात तिला दिसत नाही. तिच्यावर टपलेल्या बहुतेकांचा रस्ता जमिनीवरून. शिवाय आमच्या भागात बिबट्या आहेच. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानं त्या बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे राखणदाराचीच ही गत. माझा भरवसा जाळीवर आणि कोयंड्यावर. कोंबडीला त्यातलं काही कळत नाही. तिला उंची कळते.

दुसऱ्या दिवशी दांडीचं काम निघालं. नळकामातून उरलेला प्लॅस्टिकचा पाइप मी पुढं केला. आत्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि तो माझ्याच हातात परत दिला. "ह्यावर पाय ठरंल व्हय?" मग मी कळकाची काठी आणली. ती गुळगुळीत, शिवाय पोकळ. पोकळीत आणि भेगांत कोंबडीच्या गोचिडांचं रान माजतं. दिवसभर ते फटीत दडतात, रात्री बाहेर येऊन झोपल्या कोंबडीचं रक्त पितात. शेवटी कडुनिंबाची सरळ फांदी तोडली, मनगटापेक्षा किंचित बारीक. साल काढली, कारण सालीखालीही हीच वस्ती होते. गाठी कोयत्यानं तासल्या.

जाडीचं आत्याचं माप मुठीचं होतं. बारीक दांडीवर कोंबडीचा भार छातीच्या हाडावर एकवटतो आणि ते हाड वाकडं होऊ शकतं. दांडी पुरेशी जाड असली की ती पाय दुमडून बसते, पायामागचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटं दांडीभोवती मिटतात आणि वरून पोटाची पिसं पांघरूण घालतात.

उंची दीड हात धरली. मी म्हटलं, "उंची आवडते तर वरच बांधू की." आत्यानं पत्र्याकडं बोट दाखवलं. नगरच्या उन्हाळ्यात तापलेला पत्रा रात्रीही लवकर निवत नाही, पत्र्याला डोकं लागेल इतक्या वर बसलेली कोंबडी चोच उघडून धापा टाकते. शिवाय गिरिराज अंगानं जड. सकाळी उंचावरून धपकन उडी मारली की तळपायाला इजा होते, मग तो सुजतो. मात्र दांडी पेट्यांपेक्षा वर हवीच. कोंबडी सगळ्यांत उंच जागा निवडते, आणि ती जागा पेटी असली तर अंडी माखणारच. माझ्या आठवड्याभराच्या कोड्याचं उत्तर हे एवढंच होतं.

दांड्या दोन केल्या, दोन्ही एकाच उंचीवर. मागच्या भिंतीपासून फूटभर, मधे सव्वा फूट, म्हणजे कुणाच्या अंगावर कुणाची शिट नको. एक वर एक खाली असती तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी महाभारत झालं असतं. कोंबड्यांत मानपान कडक. थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळल्या, कोण कुणाला टोचतं ह्याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर शास्त्रीय निबंध लिहिले. कळपातली उतरंड ही कल्पना शास्त्राला मिळाली ती अशी, कोंबड्यांच्या टोचण्यातून.

दांड्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या फळ्यांत खाचा पाडून नुसत्या बसवल्या, म्हणजे महिन्याला उचलून उन्हात टाकता येतात, खाचांत चुना भरता येतो. खाली गोणपाट अंथरलं. रात्रभराची शिट एका रांगेत पडते, सकाळी गोणपाट खड्ड्यात झटकलं की झालं. खत मात्र कुजवूनच घालायचं. ताजं इतकं उष्ण, की लिंबाचं रोप होरपळतं.

राहिली लांबी. आत्यानं अंगठा आणि करंगळी ताणून दांडी मोजायला घेतली. एका कोंबडीला एक वीत. पाच फुटांची दांडी, साडेसहा विती. दोन दांड्यांच्या मिळून तेरा. बिऱ्हाड दहाचं, वर तीन मोकळ्या. "खुडूक बसली तर पिल्लं व्हतील," आत्या म्हणाली.

नंतर कुतूहलानं बघितलं, तर ही मोजणी युरोपच्या कायद्यातही आहे. १९९९ च्या नियमानुसार तिथं अंड्यावरच्या दर कोंबडीला किमान १५ सेंटिमीटर दांडी द्यावी लागते. दांडी नसलेले नुसते तारेचे जुने पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून तिथं बंद झाले. आत्याची वीत भरली २३ सेंटिमीटर. आपल्याकडं अंड्यांच्या मोठ्या धंद्यातल्या बहुतेक कोंबड्या अजून तारेवर उभ्या आहेत. परसातली कोंबडी त्या मानानं नशीबवान, मालकाला दांडी आठवली तर.

पहिल्या संध्याकाळी एकही दांडीवर चढली नाही. सगळ्या पुन्हा पेट्यांत. आत्यानं पेट्यांच्या तोंडाला पोतं लावलं, गुडुप अंधार पडू दिला आणि एकेक कोंबडी उचलून दांडीवर ठेवली. अंधारात धरलेली कोंबडी ओरडत नाही, हलकंसं कुरकुरते आणि पाय आवळते. तीन रात्री असंच केलं. चौथ्या दिवशी सूर्य बुडायच्या सुमाराला मी जाळीशी उभा होतो. कोंबडा आधी चढला. मग गिरिराज, मग गावरान, ढकलाढकली, दोनचार टोचे, आणि पाच मिनिटांत दोन्ही दांड्या गप्प. सकाळी पेट्यांत चार अंडी होती, कोरडी, स्वच्छ.

शेवग्यावरची मात्र शेवग्यावरच. उदमांजराला झाड चढता येतं, म्हणून मी रोज रात्री टॉर्च घेऊन तिला उतरवतो, आत नेऊन ठेवतो. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा वर. आत्या गावी गेल्यावर परवा फोन आला. ऊस, पाऊस, गुडघे सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "शेवग्यावरची आली का रं दांडीवर?"

"नाही अजून."

"मग तिची वीत मोकळी ठेव."