मणी ओवणारे हात आणि मणी घडविणारे हात

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरीसारख्या गावाच्या बाजारात काळ्या मण्यांच्या सरी हटकून टांगलेल्या दिसतात. मंगळसूत्रात सोने असो वा नसो, काळे मणी गरिबाच्या घरीही हवेच असतात. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पेहरावात तर काच, कवड्या व मणी यांचा सुकाळच असतो. परंतु मणी घडविण्याचा धंदा मुख्यतः वाराणसी, पुरदिलपूर अशा उत्तर प्रदेशातील गावी चालतो. मराठवाड्याकडे राहते ते ओवणे आणि विकणे.

ही स्थिती सनातन नव्हे. तेर येथे १९५८ साली आणि भोकरदन येथे १९७३ साली झालेल्या उत्खननांत सातवाहनकाळातील काचमणी मिळाले. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे आणि पैठण व तेर येथून त्याच बंदराकडे माल जात असल्याची नोंदही आहे. कच्चा माल आपल्या मातीत सापडत नाही म्हणून कारागिरी रुजत नाही, ही सबब तेव्हाच्या व्यापाराला मान्य नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते.

हातघडणीचा मणी करण्याची रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. काचेची कांडी ज्योतीत धरून मऊ करावयाची, पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईवर ती गुंडाळावयाची, आणि आकार आला की सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत ठेवून सावकाश निववावयाची. खरा खर्च या निवविण्याचा. घाई केली तर मणी त्या दिवशी धड दिसतो आणि आठवड्याने तडकतो. असे मणी तारेवर बसवून वा एकमेकांस जोडून पाने, फुले, कणसे उभी करता येतात. बोहेमियात जन्मलेले लिओपोल्ड ब्लाश्का व त्यांचा मुलगा रूडॉल्फ या पितापुत्रांनी १८८७ पासून हार्वर्ड विद्यापीठासाठी ज्योतीवरच्या याच विद्येने काचेच्या वनस्पती घडविल्या. १९३६ पर्यंत चाललेल्या त्या कामातून सुमारे ७८० जातींचे नमुने तयार झाले. ती शोभेची हौस नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले ते अभ्याससाहित्य होते.

कोरडवाहू शेतीच्या मुलखात असल्या कलाकुसरीचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. या धंद्याने तालुक्याची बेकारी हटणार नाही. परंतु ओवलेल्या माळेच्या किमतीत मजुरीचा वाटा नाममात्र असतो, कारण ओवणारे हात मुबलक आहेत. घडविलेल्या शिल्पाच्या किमतीत मुख्य वाटा कौशल्याचाच असतो. महिलांसाठीचे प्रशिक्षण वर्ग सहसा पहिल्या प्रकारावर थांबतात. तयार मणी आणावयाचे, पंधरा दिवस माळा करावयास शिकवावयाचे, प्रमाणपत्रे वाटावयाची. सोळाव्या दिवशी मणी कोठून आणावयाचे आणि माळ कोणास विकावयाची, हे त्या बाईने पाहावे!

महाराष्ट्राने याहून शहाणपणाचा प्रयोग पूर्वी केला आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने लोकांकडून एकेक पैसा जमवून तळेगाव येथे १९०८ साली काच कारखाना काढला. तो कारखानाही होता आणि शाळाही. तेथे शिकलेले लोक पुढे इतर प्रांतांतील कारखान्यांत गेले. भांडवल, शिक्षण आणि उत्पादन एका छपराखाली असावे, हा त्यातील मुद्दा आजही जुना झालेला नाही. बोरीला कारखाना नको. दहाबारा जणींत एक निवविण्याची भट्टी, वायूच्या शेगड्या, डोळ्यांच्या रक्षणाचे चष्मे, हवा खेळती असलेली खोली आणि पहिली दोन वर्षे कांड्या उधार देणारी सहकारी संस्था एवढे पुरे. माल तिनेच ठरल्या भावाने उचलावा. विक्रीसाठी बाईने दारोदार फिरावयाचे नाही, ही अट लेखी असावी.

आणि गुलाब करू नयेत. व्हेनिसचा गुलाब व्हेनिसचे कारागीर अधिक चांगला करतात. परभणीच्या शिवारात उकललेले कापसाचे बोंड आहे, करडईचे काटेरी फूल आहे, फाल्गुनातला पळस आहे. ज्वारीचे कणीस तर निसर्गानेच मणी जडवून केल्यासारखे असते. ते काचेत आणावयास शेतकऱ्याच्या मुलीला चित्रांचे पुस्तक लागणार नाही. दाणा कोठे भरलेला असतो आणि कोठे पोचट, हे तिला खुडणीपासून ठाऊक आहे. पहिली भट्टी बोरीस की जिंतुरास, हा वाद पुढाऱ्यांनी मग खुशाल घालावा.