शुगरवाल्याने समुद्रात उतरावं का?

हिंगोलीला समुद्र नाही. सिद्धेश्वर, इसापूर ही आमची मोठी पाणी. तरी सुट्टीत तारकर्ली गाठणारे वाढलेत आणि स्कूबाचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, शुगर आहे ना, मग काठावर बसा. दुसरा म्हणतो, विहिरीत वाढलेला माणूस. फॉर्मवर शुगर लिहायचीच कशाला?

पहिल्याच्या बाजूने जुना दाखला आहे. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबने १९७५ मध्ये इन्सुलिनवाल्यांना बंदी केली होती. पण १९९१ मध्ये त्यांनीच ती अटी घालून उठवली. २००५ च्या अमेरिकी नियमावलीनेही दार उघडं ठेवलं: इन्सुलिन सुरू होऊन वर्ष, गोळी बदलून तीन महिने झालेले असावेत आणि शुगर उतरल्यावर दुसऱ्याने सावरायची वेळ वर्षभरात आलेली नसावी. ३० मीटर आणि तासाभराची मर्यादा आहेच. तेव्हा सरसकट ‘नाही’ टिकत नाही.

दुसरा पक्ष मला जास्त घातक वाटतो. घरी शुगर उतरली की घाम फुटतो, बोलणं बरळल्यासारखं होतं, घरचे लगेच साखर आणतात. पाण्याखाली घाम दिसत नाही, थरथर थंडीची वाटते, तोंडात तर रेग्युलेटर. गाइड धरून असतो खरा. पण त्याला शुगरचं सांगितलेलंच नसेल तर तो ही घाबरगुंडी समजणार. आणि भांबावलेला माणूस श्वास कोंडून वर झेपावला, तर उथळ पाण्यातही फुप्फुस फाटू शकतं.

त्यात आपली रीत अशी की रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास, सकाळी उलटीच्या धास्तीने पोट रिकामं, गोळी मात्र वेळेवर. (नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार उतरत नाही; ग्लिमेपिराइडने, इन्सुलिनने उतरते.) उपाशीपोटी ९५ आली की आपण खूश होतो. डुबकीआधी तोच आकडा म्हणजे थांबा! तासभर आधी, अर्धा तास आधी आणि उतरताना तपासायचं. १५० किंवा वर, स्थिर किंवा चढती हवी. ३०० च्या वर गेली तरी थांबायचं. ग्लुकोज अंगावर आणि जोडीदार बिनशुगरचा, सगळं ठाऊक असलेला. अंगठा नि तर्जनीचा इंग्रजी ‘एल’ दाखवला की दोघांनी वर यायचं, आधी तरंगायचं, मग ग्लुकोज खायचं.

पुढचे बारा ते पंधरा तासही शुगर तपासत राहायची असते, म्हणजे ग्लुकोमीटर परतीच्या बसमध्ये डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवा.