वाचला ना, मग पायाचं काय?

‘पोरगा ब्लड कॅन्सरमधून वाचला. आता पायांना मुंग्या येतात म्हणून काय रडायचं? कॅन्सरच्या उपचाराने होणारी नसांची इजा टाळणारं औषधच नाही.’ शहापूर-मुरबाडकडे हे मत जाणती माणसंही ठासून मांडतात. मला ते क्रूर वाटतं.

औषध नाही, हे खरं. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०२० सालीही ही इजा टाळण्यासाठी एकाही औषधाची शिफारस केली नाही. पण गोळी नाही म्हणून टाळण्याजोगं काहीच उरत नाही? मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टीन देतात. अंगणातल्या सदाफुलीत सापडलेलं औषध. पेशी दुभंगताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते मोडतं. नसांमधली ने-आणही तसल्याच नलिकांवरून चालते, म्हणून पावलांच्या लांबलचक नसा आधी दुखावतात. यकृत हे औषध निकामी करतं. सोबत इट्राकोनॅझोल पोटात गेलं की ते काम मंदावतं आणि नेहमीचाच डोस भारी पडतो. आता आमचा पावसाळा पाहा. लावणीत ओले कपडे दिवसभर अंगावर, जांघेत गजकर्ण. मेडिकलमधून चिठ्ठीविना कॅप्सूल येते, कित्येकदा इट्राकोनॅझोलचीच. मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन घेऊन आलेल्या पोराने ती घेतली, तर पोट गच्च होतं, जबडा ठणकतो, पाऊल लोंबू लागतं. हे टाळायला कुठलं नवं संशोधन हवं होतं?

दुसरा आक्षेप: ‘खेडूतांना लक्षणं सांगता येत नाहीत.’ चप्पल पायातून निसटली तरी पोराला कळत नाही, हे आई सांगते. तिला विचारा तरी.

कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिन मागितलं तेव्हाही सोसा, असंच ऐकवलं गेलं होतं. पण इथे प्रश्न नुसत्या सोसण्याचा नाही. बधिर पावलाला चिखलातली काच कळत नाही. जखम चिघळल्यावर कळते. ज्याचं पोट शेतावर, त्याचं पाऊल म्हणजे त्याची मजुरी.

घरात कुणाची पावलं लहानपणापासून कमानदार नि लुळी असतील, तर नसा मुळातच कमजोर असू शकतात, म्हणून उपचाराआधीच डॉक्टरांना सांगावं. प्रत्येक इंजेक्शनआधी पोराला टाचांवर चालवून पाहावं. डोस कमी करायचा का, ते कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. घरच्यांनी परस्पर इंजेक्शन चुकवू नये. कुष्ठरोगाच्या कामात बधिर पाऊल बॉलपेनने तपासतात, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला देतात. तेच आशाताईंनी या पोरांसाठीही करावं. आणि प्रत्येक फाइलीवर ठळक मराठीत लिहावं: कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गजकर्णाची कॅप्सूल देऊ नये.