बिल मे महिन्यात येतं, मतदान एप्रिलमध्ये होतं

२०२४ साली अकोला लोकसभा मतदारसंघात २६ एप्रिलला मतदान झालं. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून महावितरणचे घरगुती दर वाढले होते. मधे ११ एप्रिलला ईद झाली. बाळापुरात कूलर सुरू झाले होते, आणि मोहल्ल्यात, मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर चर्चा एकच होती: कोणाला पाडायचं आणि मतं फुटू कशी द्यायची नाहीत. संविधानाचं काय होणार हा प्रश्न खरा होता, त्याची काळजीही खरी होती. पण दरवाढीबद्दल मी एकाही प्रचारसभेत एक वाक्य ऐकलं नाही. वाढीव दराचं पहिलं बिल घरात आलं तेव्हा मतदान उरकलेलं होतं.

ही वाढ काही आभाळातून पडली नव्हती. राज्य वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजीच पुढच्या दोन वर्षांचे दर ठरवून टाकले होते. म्हणजे मतदानाच्या वर्षभर आधी प्रत्येक पक्षाला, प्रत्येक उमेदवाराला माहीत होतं की १ एप्रिलला काय होणार आहे.

मग आली विधानसभा. मतदान २० नोव्हेंबरला, दिवाळीनंतर. कूलर पुसून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलेला, पंखाही रात्री बंद. वर्षातलं सगळ्यात लहान बिल याच दिवसांतलं. यात कोणाचा डाव होता असं मी म्हणत नाही, निवडणुकीच्या तारखा काही कूलर बघून ठरत नाहीत. पण परिणाम तोच होतो. लोकसभेला बिल यायचं असतं, विधानसभेला ते विसरलेलं असतं. मे-जूनमध्ये, पारा ४५ च्या वर असतो तेव्हा, ज्याच्यावर राग काढावा असा मत मागणारा कोणी दारात उभा नसतो. राग निघतो तो मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या पोरावर. तो बिचारा कंत्राटावर.

आता बिल उघडून बघू. दोन्ही निवडणुकांच्या वेळी लागू असलेले २०२४-२५ चेच दर घेतो. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये आणि वहन आकार १.१७ रुपये. १०१ ते ३०० युनिटांना वीज आकार १०.२९ रुपये, वहन तेवढंच. एकफेज मीटरचा स्थिर आकार १२८ रुपये, वापर असो नसो. या सगळ्यावर १६ टक्के विद्युत शुल्क. (इंधन समायोजन आकार महिन्यामहिन्याला बदलतो, तो इथे धरत नाही.) १०० युनिट जाळणाऱ्या घराला सुमारे ८३१ रुपये पडले. २०० युनिट जाळणाऱ्याला सुमारे २१६०. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त.

पण खरी मेख एका मीटरवर किती चुली चालतात यात आहे. आमच्याकडे जुन्या कसब्यात एका वाड्यात दोन-तीन भाऊ राहतात, प्रत्येकाचा संसार वेगळा, मीटर एकच. ते बहुतेक दादाजानच्या नावावर, आणि दादाजान जाऊन वीस-वीस वर्षं झालेली. घराची वाटणी कागदावर झालेली नाही, वारसांची नावं लागलेली नाहीत. तीन घरं मिळून महिन्याला ३०० युनिट जाळतात असं धरा. एकाच मीटरवर ते बिल सुमारे ३४९० रुपये होतं. तेच तीन मीटर असते तर प्रत्येकी ८३१ प्रमाणे सुमारे २४९०. वीज तेवढीच, माणसं तेवढीच, कूलर तेच. फरक महिन्याला हजार रुपयांचा. वेगळं मीटर घ्यायचं तर मालकीचा किंवा वहिवाटीचा पुरावा लागतो, आणि तो जमवायला बसलं की चार भावांची आणि दोन फुफ्यांची सही लागते. म्हणून लोक हजार रुपये भरत राहतात.

छतावरच्या सोलरचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे. पण ती ज्याच्या नावावर छत आणि मीटर आहे त्याच्यासाठी. भाड्याने राहणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि सामायिक वाड्याच्या कौलावर नेमका कोणाचा पॅनल बसणार?

आमच्या तालुक्यातच पारस आहे. महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच, लांबूनच दिसणाऱ्या चिमण्या. त्यामुळे बाळापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: लाइन आपल्या दारात बनते, मग आपल्यालाच महाग कशी? याचं उत्तर साधं आहे. पारसची वीज ग्रिडमध्ये जाते आणि महावितरणचा दर चिखलदऱ्यापासून चिपळूणपर्यंत एकच असतो. पण त्या वाक्यातला राग मला चुकीचा वाटत नाही. फक्त तो चिमणीकडे बघून काढला जातो, आणि चिमणीला मत द्यायचं नसतं.

बिलाचा मतावर परिणाम होतो का? होतो, पण ज्याचं मत डळमळीत आहे असं पक्षांना वाटतं त्याच्याच बिलाचा. लोकसभेला राज्यात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. कापूस, सोयाबीन आणि कांदा पिकवणारा शेतकरी नाराज आहे हे दिसलं. पुढच्याच महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षं मोफत विजेचा निर्णय निघाला, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी. त्याच महिन्यात लाडकी बहीण सुरू झाली, वर्षाला तीन मोफत सिलिंडरचा आदेश निघाला. शेतकऱ्याला वीज मोफत मिळाली याचं मला दुःख नाही. आमच्यातही शेतकरी आहेत, त्यांचे पंप आहेत. पण कसब्यात राहणारा, शेती नसलेला, शिलाई मशीन किंवा वेल्डिंगवर पोट असणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता.

जून २०२४ ची स्मार्ट मीटरची गोष्ट तर आणखी बोलकी. राज्यभर सव्वादोन कोटींच्या आसपास प्रीपेड मीटर बसवायची कंत्राटं दिली गेली होती. लोकसभेच्या निकालानंतर काही दिवसांतच, ऊर्जा खातं सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. ग्राहक संघटनांनी, विदर्भातल्या आंदोलनांनी ते करायला लावलं. विधानसभा झाली, आणि तेच मीटर टीओडी मीटर या नावाने, प्रीपेडऐवजी पोस्टपेड म्हणून बसू लागले. विरोध जेवढा टिकला तेवढाच निर्णय टिकला. प्रीपेड गेलं ते गेलं, हेही नोंदवलं पाहिजे.

महाराष्ट्रात हे जुनंच आहे. १९९५ ची निवडणूक एन्रॉनच्या महागड्या विजेवर गाजली. युतीचं सरकार आलं, करार रद्द झाला, आणि नंतर त्याच सरकारने पुन्हा करार केला. २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने विधानसभेच्या तोंडावर कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. आघाडी पुन्हा निवडून आली आणि २००५ मध्ये सवलत बंद. २०२० मध्ये लॉकडाऊनची फुगलेली बिलं आली, तेव्हा सवलतीचं बोलून महाविकास आघाडीच्या सरकारने हात वर केले आणि भाजपने बिलांची होळी केली. कोणताही पक्ष यात धुतल्या तांदळाचा नाही.

२०२४ च्या विधानसभेला दोन्ही बाजूंनी घरगुती बिलाबद्दल वचन दिलं होतं. महायुतीने वीजबिलात ३० टक्के कपात म्हटलं. महाविकास आघाडीने ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना १०० युनिट माफ म्हटलं. बाळापुरातून ठाकरे गटाचे नितीन देशमुख पुन्हा निवडून आले, वंचितचे नातिकोद्दीन खतीब दुसऱ्या क्रमांकावर राहिले. आमच्या गल्ल्यांमध्ये यावर रात्र रात्र वाद झाले: आपला माणूस की आपल्याला वाचवणारा पक्ष. त्या वादात ही दोन वचनं कोणी समोरासमोर ठेवली नाहीत. मी तेव्हा एका मित्राला म्हटलं, तर तो म्हणाला, "यार, इथे इज्जतीचा सवाल आहे आणि तू लाइट बिल घेऊन बसलास."

या मित्राचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ज्याला आपल्या मोहल्ल्याच्या, आपल्या पोरांच्या सुरक्षिततेची चिंता आहे तो आधी तीच बघणार. पण मला दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. आपलं मत भीतीने ठरतं हे एकदा पक्षांच्या लक्षात आलं की भीती दाखवणारा आणि भीतीपासून वाचवणारा, दोघांचंही काम भागतं. एकाला आपलं मत नकोच असतं, दुसऱ्याला ते मिळणारच असतं. मग आपल्या बिलावर, नालीवर, उर्दू शाळेच्या रिकाम्या जागांवर बोलायची गरज कोणाला? बाजारात ठरलेल्या गिऱ्हाइकाशी कोण घासाघीस करतो?

आणि बिल ही आपल्या एकट्याची तक्रार नाही, हेच तिचं बळ आहे. बाळापुरातल्या बौद्ध वस्तीत, कोळी वाड्यात, शिंप्याच्या घरात हेच दर, हाच स्थिर आकार. या एका प्रश्नावर आपण बोललो तर आपल्याला कोणी वेगळं काढू शकत नाही.

इथे भिवंडी, मुंब्रा आणि मालेगावची आठवण काढावी लागते. २००७ मध्ये भिवंडी आणि २०२० मध्ये मुंब्रा-शिळ-कळवा टोरंटकडे गेलं, मालेगावही २०२० मध्येच खाजगी फ्रँचायझीकडे. कारण दिलं गेलं गळती आणि थकबाकीचं. आपल्या वस्त्यांना वीजचोर म्हणायची सवय किती जणांना आहे ते तुम्हाला माहीत आहे. पण फ्रँचायझी नागपूर, औरंगाबाद, जळगावलाही देऊन झाली आणि परत घेऊन झाली, त्यामुळे याला फक्त धर्माचा रंग देणं बरोबर नाही. मला खटकतं ते दुसरं. त्या शहरांत निवडणुकीत 'टोरंट हटाव' गाजतं, म्हणजे वीज तिथे मताचा प्रश्न झाली. पण कंपनी गेली तरी दर तोच राहतो, कारण तो आयोग ठरवतो. राग खरा, पत्ता अर्धा.

पूर्ण पत्ता कोणता? आमदाराला विचारलं की तो म्हणतो, दर आयोगाच्या हातात. खरं आहे. पण बिलावरचं १६ टक्के विद्युत शुल्क आयोगाचं नाही, ते राज्य सरकारचा कर आहे, विधिमंडळाच्या कायद्याने लागलेला. वरच्या २१६० च्या बिलात ते २९८ रुपये आहे. आणि वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारला कोणत्याही वर्गाला सवलत द्यायची मुभा आहे, फक्त पैसे आगाऊ भरावे लागतात. पंपांना तशी दिली, घरांनाही देता येते. तेव्हा "१०० युनिटपर्यंतच्या घराचं शुल्क माफ करण्यासाठी तुम्ही सभागृहात काय केलंत?" हा प्रश्न बाळापूरच्या कोणत्याही आमदाराला, कोणत्याही उमेदवाराला लागू पडतो.

हे मागणं म्हणजे रेवडी, असं काही शिकलेली पोरंही म्हणतात. पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये तो शब्द वापरला, तेव्हापासून तो सगळ्यांच्या तोंडी बसला. दिल्लीकडे बघा. तिथे ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये आम आदमी पक्ष जिंकला, फेब्रुवारी २०२५ मध्ये हरला. म्हणजे फुकट वीज दिली की सत्ता कायमची मिळते, असं काही नाही. पण हरवणाऱ्या भाजपलाही प्रचारात सांगावं लागलं की ही सवलत चालू राहील. दिल्लीच्या मतदाराने बिलाला असं बसवलं की सरकार बदललं तरी ते हलवायची हिंमत कोणाची होईना. आपल्याकडे २००५ मध्ये ते सहज हलवलं गेलं.

जून २०२५ मध्ये १०० युनिटपर्यंतच्या ग्राहकांना १० टक्के कपात जाहीर झाली. वचन ३० टक्क्यांचं होतं. आणि तीन चुलींच्या वाड्याला पहिले १०० युनिट एकदाच मिळतात, हे वर सांगितलंच.

आम्ही काही जणांनी मोहल्ल्यातली वर्षभराची बिलं जमा करायला घेतली आहेत: मीटर कोणाच्या नावावर, त्यावर घरं किती, मे महिन्याचा आकडा काय, शुल्क किती गेलं. दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा आयोग जाहीर नोटीस काढून हरकती मागवतो, सुनावण्या अमरावतीलाही झाल्या आहेत. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. आमच्याकडे बिलं आणून देतात त्या बहुतेक बायका. कारण बिल त्यांच्याच डब्यात ठेवलेलं असतं, किराण्याच्या वहीशेजारी, आणि मे महिन्यात किती आलं होतं हे त्यांना न बघता सांगता येतं.