संत्र्याचं आइस्क्रीम सालीत असतं

आइस्क्रीमच्या दुकानातल्या फलकावर आंबा असतो, सीताफळ असतं, चिकू, शहाळं, हल्ली जांभूळ आणि पेरूही असतो. संत्रं शोधायला गेलं तर ते बहुतेक वेळा काडीवरच्या कँडीत सापडतं, आणि तिथे ते फळ नसून रंग असतो. दोन मिनिटं चोखलं की रंग जिभेवर येतो आणि काडीवर पांढरा बर्फ उरतो. ज्या राज्यात काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या तालुक्यांची ओळखच संत्र्याने होते, नागपुरी संत्र्याला 2014 साली आणि जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे ही जागा रिकामी असावी हे जरा चमत्कारिकच. बर्फी झाली, सरबत झालं, आइस्क्रीम तेवढं रखडलं. याला कारण फळाचा तुटवडा नाही. संत्र्याचं आइस्क्रीम म्हणजे दुधात संत्र्याचा रस, ही आपली समजूत आडवी येते. हे आइस्क्रीम मुळात सालीचं आहे. आणि सालीचं असल्यामुळेच ते कारखान्यापेक्षा घरी चांगलं होतं, असं माझं म्हणणं आहे.

रसाची अडचण कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो ते दूध फाटावं म्हणूनच. दुधाचा सामू साधारण 6.6 असतो, तो 4.6 च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन गोळा होतं, चोथा आणि पाणी वेगळं होतं. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5, संत्र्याच्या रसाचा साडेतीन ते चार. म्हणजे लिंबू सोडाच, संत्र्याचा रसही पुरेसा ओतला तर दुधाला त्या रेषेकडे ओढतो. कॉर्नफ्लॉर आणि जीएमएस, सीएमसी पावडरी घालून गुठळ्या थोड्याफार झाकता येतात, पण पाण्याचं काय? संत्र्याच्या रसात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं. ते सायीत घालून गोठवलं की दाताखाली बर्फ कचकचतो. रस कमी करावा तर चव लागत नाही, वाढवावा तर खडे होतात. या कात्रीतून सुटायला मग एसेन्सची बाटली उघडली जाते, आणि ताज्या फळाचा खटाटोप का केला हेच विसरायला होतं.

आता सालीकडे पाहा. लहान मुलं संत्र्याची साल दुमडून समोरच्याच्या डोळ्यात पिचकारी मारतात, तेव्हा डोळ्याला झोंबतं ते तेल. सालीच्या रंगीत थरात बारीक टिपक्यांसारख्या दिसणाऱ्या पिशव्या असतात, त्यांत ते भरलेलं असतं, आणि त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. संत्रं सोलताना शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पत्ता लागतो तो या तेलामुळे. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मुरतं, आणि आइस्क्रीम म्हणजे शेवटी गोठवलेलं सायीचं दूध. फळाचा जो भाग दुधाशी भांडतो तो आपण दुधात ओततो, आणि जो त्यात मुकाट मुरतो तो केराच्या डब्यात टाकतो.

हे शहाणपण नवं नाही. 1690 च्या दशकात नेपल्समध्ये अंतोनियो लातीनी या कारभाऱ्याचा पाकशास्त्रावरचा ग्रंथ छापला गेला. त्यात लिंबाचं सॉर्बेत आहे, ते पाण्याचं. दुधाच्या सॉर्बेतात मात्र त्याने रस घातलेला नाही. त्यात साखरेत पाकवलेलं महाळुंग किंवा भोपळा घालायला सांगितला आहे. महाळुंगात रस नावालाच असतो, पाकवतात ती त्याची जाड साल. सामू मोजायची सोय नसतानाही रस पाण्यात आणि साल दुधात, ही वाटणी त्याने बरोबर केली होती. बंगालमध्ये कमलालेबूची, म्हणजे संत्र्याची, खीर करतात. तिथेही आटवलेलं दूध पूर्ण निवल्यावरच सोललेला गर त्यात सोडायचा, हा दंडक आहे.

घरी करायचं तर काम अवघड नाही, पण नागपुरी संत्र्याची एक खोड लक्षात घ्यावी लागते. त्याची साल सैल असते. सोललेली साल किसणीवर धरली तर ती लोळते आणि बोटं सोलली जातात. म्हणून अख्खं फळ हातात घट्ट धरून, किसणीवर अगदी हलक्या हाताने, नारिंगी थर तेवढा उतरवायचा. पांढरा दिसू लागला की फळ फिरवायचं. तो पांढरा थर कडू असतो. मोसंबीची साल घट्ट, किसायला सोपी, पण वासाला संत्र्याहून सौम्य. कागदी लिंबू तिन्हींत तिखट वासाचं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाला चार संत्र्यांचा कीस पुरतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम साखरेत तो बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होऊन नारिंगी दिसू लागली म्हणजे तेल बाहेर आलं. तासाभराने दूध दोन तृतीयांश होईपर्यंत आटवून, गॅस बंद करून, त्यात ही साखर घालायची आणि झाकण ठेवायचं. किसासकट उकळू नये, उकळलं की वास वाफेबरोबर जातो. निवलं की गाळून, वाटीभर घट्ट साय फेटून त्यात मिसळायची. पुढे लाकडी बादलीचा पॉट असेल तर उत्तमच. तीन-चार भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घातलं की बादलीतलं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं (हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं), आणि हँडल फिरत राहिल्याने बर्फाचे कण मोठे व्हायला फुरसत मिळत नाही. पॉट नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवून तासातासाने दोन-तीनदा मिक्सरमधून फिरवायचं. पॉटची सर येत नाही, पण भागतं.

कारखाना यात मागे का पडतो? जुहूला 1984 साली सुरू झालेल्या नॅचरल्सने खऱ्या फळाचं आइस्क्रीम मोठ्या प्रमाणावर विकता येतं हे दाखवून दिलं, त्यामुळे यंत्राला फळ झेपतच नाही असं म्हणता येणार नाही. पण सीताफळ, चिकू, शहाळं ही गराची, गोड, दुधाशी जमवून घेणारी फळं आहेत. संत्र्याचं तसं नाही. त्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की त्यात एक कडू द्रव्य तयार होऊ लागतं. नागपुरी संत्र्याच्या प्रक्रिया उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. सालीच्या तेलालाही हवा आणि काळ सोसत नाही, त्याचा वास पालटतो. किसण्यापासून गोठवण्यापर्यंत घरी अर्धा दिवस जातो. कारखान्यातून निघून गोदाम, गाडी आणि दुकान असा प्रवास करणाऱ्या डब्याला किती आठवडे लागतील ते सांगता येत नाही. शिवाय स्निग्धता आणि हवेचा हिशेब आहेच. आपल्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता निदान 10 टक्के लागते आणि एक लिटर आइस्क्रीमचं वजन 525 ग्रॅमपेक्षा कमी असून चालत नाही. म्हणजे लिटरच्या डब्यात बरीचशी हवा कायदेशीरपणे विकता येते. घरच्या पॉटमध्ये इतकी हवा शिरतच नाही, आणि वाटी हातात घेतली की ते वजनावरून कळतं.

सालीने वास येईल, पण आंबटपणा कुठून आणायचा, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. संत्र्याचा वास आहे आणि जिभेला चटका नाही, हे अर्धवटच. पण आंबट, गोड आणि स्निग्ध एकत्र कसं नांदवायचं हे मराठी घराला कुणी शिकवायला नको; श्रीखंड दुसरं काय आहे? चक्का आधीच विरजलेला असतो, त्याला फाटण्याचं भय उरलेलं नसतं. सालीचं दूध थंड झाल्यावर त्यात वाटीभर चक्का फेटून घातला, वर चमचा-दोन चमचे लिंबाचा रस घातला तरी काही बिघडत नाही. संत्र्याच्या फोडी मात्र आत गोठवू नयेत, गारगोट्या होतात. बिया आणि पापुद्रे काढून त्या वाढताना वरून घालाव्यात.

दुसरा आक्षेप विरुद्धाहाराचा. चरकसंहितेत दुधाबरोबर निषिद्ध सांगितलेल्या आंबट फळांच्या यादीत महाळुंग आहे, आणि साल म्हणजे फळ नव्हे असली पळवाट काढून ते वचन मोडीत काढण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी दुधाला फाटा द्यावा. ताजा रस, साखर आणि किसलेली साल एवढंच गोठवून, मधूनमधून काट्याने खरवडलं तर सिसिलीच्या ग्रानितासारखा भुसभुशीत प्रकार तयार होतो. उन्हाळ्यात तो आइस्क्रीमपेक्षा सरस लागतो, हेही कबूल करायला हवं.

सगळ्यात वजनदार आक्षेप फवारणीचा आहे. बागेत औषधं मारतात, दूरच्या बाजारात जाणाऱ्या फळाला मेणाचा हात देतात, आणि आपण नेमकी तीच साल खायला सांगतो आहोत. कोमट पाण्यात घासून धुतल्याने मेण आणि वरवरचं बरंचसं निघतं, पण सगळं निघतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. म्हणून ज्या बागायतदाराला विचारता येतं त्याच्याकडून फळ घ्यावं, किंवा परसातल्या लिंबावर भागवावं. ज्याला ही खात्री मिळत नाही त्याने हा पदार्थ करू नये. घरच्या आइस्क्रीमने विदर्भातला बागायतदार तरेल असं म्हणणं तर त्याची थट्टाच ठरेल. पण साल खाणारा ग्राहक फवारणीबद्दल विचारू लागतो. सोलून फेकणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं.

संत्रं थंडीचं आणि आइस्क्रीम उन्हाळ्याचं, हा मुद्दा वाटतो तेवढा पक्का नाही. आंबिया बहार हिवाळ्यात संपतो, पण मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवर असतात. शिवाय साखरेत चोळलेला कीस घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजरला ठेवला तर काही आठवडे टिकतो. उन्हाळ्यात लिंबं महागतात हे खरं, पण सरबतासाठी ती आणली जातातच. पिळण्याआधी किसून घेतली तर आइस्क्रीमला वेगळा पैसा लागत नाही.

राहिला रंग. हे आइस्क्रीम जवळजवळ पांढरं होतं, फार तर फिकट मलईच्या रंगाचं, आणि वाटी समोर आल्यावर पाहुणे हमखास व्हॅनिला का म्हणून विचारतात. त्यावर थेंबभर नारिंगी रंग घालायचा मोह होतो. तो घातला की आपण पुन्हा काडीवरच्या कँडीशी येऊन पोचतो. रंग नको तर केशर चालेल का, असंही कुणी विचारतं. चालेल, पण मग ते केशराचं आइस्क्रीम होतं.