किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं काम

मैत्रिणींनो, मंडळाची वर्गणी मागायला कुणी दारात आलं, की ‘पुढच्या महिन्यात बघू हं’ म्हणणाऱ्या आपल्यात काही कमी नाहीत. आज अशा एका गावाची हकिगत सांगते, जिथं वर्गणी आटली तर बुडत्याला वाचवायला होडीच निघायची नाही.

गावाचं नाव केस्टर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक परगण्यात. पूर्वीपासून मासेमारी करणाऱ्यांचं गाव. समोरच्या समुद्रात पाण्याखाली वाळूचे बांध आहेत, त्यांवर जहाजं रुतायची. म्हणून तिथं लाइफबोट, म्हणजे अडकलेल्यांना सोडवून आणणारी होडी ठेवलेली. चालवणारे गावातलेच कोळी.

१९०१ सालच्या नोव्हेंबरातली १३ तारीख. तुफान वारा, आणि वाळूत एक मासेमारी जहाज अडकलेलं. ‘बोशँप’ ही लाइफबोट लोटली, तर लाटांनी ती किनाऱ्यावर परत फेकली. मध्यरात्रीनंतर पुन्हा लोटली, निघाली, आणि किनाऱ्याजवळच उलटली. १२ जणांपैकी ९ गेले. जेम्स हेलेट नावाचे ७८ वर्षांचे आजोबा ओल्याच कपड्यांनी वाळूवर उभे होते. ते त्या लाटांत शिरले. जावयाला ओढून काढलं, पुन्हा आत जाऊन नातवाला काढलं. दोन मुलगे मात्र त्यांच्या हाती लागले नाहीत. पुढच्या वर्षी राजा सातव्या एडवर्डनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

चौकशीत कुणीतरी सुचवलं, की होडी मदत सोडून माघारी वळली असेल. म्हातारा म्हणाला, संकटाची खूण दिसल्यावर परतणं आमच्या नियमात बसत नाही. त्यावरून ‘केस्टरची माणसं माघारी फिरत नाहीत’ असं वाक्य झालं. गावातल्या एका दारूच्या दुकानाला तेच नाव आहे! आपण बायका मात्र म्हणू, की बाबांनो, परत या. पण दोन मुलं गमावलेल्या बापाला आणखी काय बोलता आलं असतं?

खरी परीक्षा पुढे आली, आणि तिची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९६९ सालच्या ऑक्टोबरात केस्टरची लाइफबोट काढून घेण्यात आली. ती चालवणारी संस्था १८२४ साली स्थापन झालेली, लोकांच्या देणग्यांवर चालणारी. तिचं म्हणणं असं, की काही मैलांवर गोर्लस्टनला नवी वेगवान बोट आली आहे, दोन कशाला? हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आपणही घरात दोन शिलाई यंत्रं ठेवत नाही. पण बुडणाऱ्याला मिनिटं मोजावी लागतात, आणि समोरची वाळू गावकऱ्यांच्या ओळखीची.

तेव्हा होडीचे तांडेल जॅक वुडहाउस आणि गावकरी यांनी स्वतःचं पथक काढलं. सुरुवात एका लहानशा होडीनं. १९७३ साली तर त्यांनी त्याच मोठ्या संस्थेनं वापरून बाजूला काढलेली लाइफबोट मिळवली. (जुनं भांडं कल्हई करून वापरणारीला हे कळेल.) १९९१ साली नवी बोट आली. तिला बर्नार्ड मॅथ्यूज या टर्की पक्ष्यांच्या बड्या व्यापाऱ्याचं नाव दिलं, कारण त्यानं पैशाची मोठी मदत केली होती. पथक आजही स्वतंत्र आहे. होडीवर जाणाऱ्यांना पगार नाही. बोलावणं आलं, की ताटावरून उठायचं.

बोट घ्यायला एखादा धनिक मिळतो हो. तिला नाव देता येतं. पण डिझेलला, दोराला, इंजिनाच्या दुरुस्तीला कोण नाव देणार? तो खर्च कुणाचा वादळाशी संबंध येवो न येवो, दर महिन्याला दारात उभाच. म्हणून तुमच्या मंडळाला माझा सल्ला: एकदाच मोठी रक्कम देऊन विसरणारीपेक्षा महिन्याला थोडं, पण न चुकता देणारी धरा. बचत खातं वेगळं ठेवा, सह्या दोघींच्या ठेवा, आणि जमाखर्च सगळ्यांसमोर वाचा, गोड बोलून टाळू नका.

आणि कितीही चांगली होडी असली, तरी कुणी निरोप दिल्याशिवाय ती निघत नाही. तो निरोप बहुतेक वेळा घरी थांबलेलं माणूसच देतं. अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडे ज्यांचे मालक समुद्रावर जातात, किंवा ज्यांची मुलं सुट्टीत होडीनं फिरायला निघतात, त्यांनी कॅलेंडरवर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. होडीचं नाव व नंबर, आत कितीजण, कुठल्या बाजूला गेले, आणि परत कधी येणार. खाली भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक, १५५४. वेळ टळून गेली आणि त्यांचा फोनही लागेना, तर ‘येतील आत्ता’ म्हणत दारात उभ्या राहू नका. फोन लावा.